पेन्शनचे नियम बदलले की वयस्कर कामगार जास्त वर्षं नोकरी करतात का? वडिलांनी 58 ला पेन्शन घ्यावी की थांबावं?

नियम बदलले की लोक जास्त वर्षं काम करतात, हे सांगताना तुम्ही फ्रान्सचा दाखला दिलाय. 2023 मध्ये तिथं निवृत्तीचं वय 62 वरून 64 करायचा कायदा झाला आणि लोक रस्त्यावर उतरले. तिथल्या म्हाताऱ्या माणसाचं घर मुख्यतः पेन्शनवर चालतं, म्हणून वय दोन वर्षं पुढं ढकललं की माणूसही कामावर थांबतो. तुमचे वडील कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्रीत आहेत, वय 57. त्यांचं गणित वेगळं आहे. मी शिरोलीतच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात पीएफचे कागद बघतो, तेव्हा आकड्यांतच सांगतो.

समजा 1998 ला लागले आणि पीएफ कायम सरकारनं ठरवलेल्या मर्यादेइतक्या पगारावर कापला गेला. सप्टेंबर 2014 पर्यंतची सेवा 6,500 रुपये पगार धरून मोजतात, त्यानंतरची 15,000 धरून. वर्षांनी गुणायचं, 70 नं भागायचं. वर दोन वर्षांची सेवा बोनस म्हणून जादा धरतात. पेन्शन येते साडेचार हजाराच्या आसपास. एवढ्यावर कोण घरी बसतो? ईपीएस-95 मध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या या पेन्शन योजनेत, महागाई भत्ता नाही, त्यामुळं ती वाढतही नाही.

म्हणून 58 ला पेन्शन सुरू करा आणि अंगात ताकद असेल तर कामही चालू ठेवा. 58 नंतर पेन्शन घेण्यासाठी नोकरी सोडायची अट नाही. ईपीएसची कपात तिथं थांबते आणि मालकाचा पूर्ण हिस्सा पीएफ खात्यात जातो. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. ‘नोकरी सुटल्यावर बघू’ म्हणून ते पेन्शन मागायचा फॉर्म 10-डी भरायचा ठेवून देतात.

पेन्शन 60 पर्यंत पुढं ढकलली तर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. ऐकायला बरं वाटतं. हिशेब केला तर साडेचार हजारावर दोन वर्षांनी महिना साधारण 360 रुपये जादा, आणि त्यासाठी सोडायचे 1 लाख 8 हजार. ते भरून यायला 60 नंतर 25 वर्षं लागतात. भट्टीपुढं आयुष्य काढलेल्या माणसाला 85 वर्षांचा हिशेब सांगायला मला तरी धीर होत नाही.

उलट बाजूला 50 पासून कमी पेन्शन घेता येते, दर वर्षाला 4 टक्के कापून. पण 58 च्या आत घ्यायची तर नोकरी सोडलेली असावी लागते. मग काही जण कागदावर सुटतात आणि कोल्हापुरात उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपात रोखीनं काम करतात. म्हणजे पेन्शनसाठी निवृत्त, पण काम तेच, आणि पीएफ नाही की ईएसआय (कामगार विमा) नाही. या वाटेला वडिलांना जाऊ देऊ नका.

नियम बदलल्यानं निवृत्तीचा निर्णय खरा हलतो तो सरकारी नोकरीत, कारण तिथं रक्कम मोठी आहे. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन आहे. 20 वर्षं भरली की स्वेच्छानिवृत्ती घेऊन लगेच पेन्शनवर जाता येतं. त्यानंतर लागलेल्यांनाही ती मिळावी म्हणून मार्च 2023 चा संप झाला. केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत (यूपीएस) 25 वर्षं भरली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या 50 टक्के मिळतात, पण स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पैसे नेहमीच्या निवृत्तीच्या तारखेपासूनच सुरू होतात. असा नियम माणसाला खुर्चीला बांधून ठेवतो. राज्य मंत्रिमंडळानंही ऑगस्ट 2024 मध्ये ही योजना स्वीकारायचं ठरवलं.

फौंड्रीतला मोल्डर, म्हणजे साचे करणारा, कधी थांबतो, हे मी बघतो तेव्हा पेन्शनचा नियम क्वचितच कारण असतो. गुडघे गेले, पोरगा कामाला लागला, नाहीतर मालकानं 58 ला हिशेब करून ठेकेदाराकडं कमी पगारावर परत घेतलं. ज्याच्या घरी दोन म्हशी आणि दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल आहे, तो आधी सुटतो. भाड्याच्या खोलीत राहणारा शेवटपर्यंत येतो.

आता एक काम लगेच करा. वडिलांची आधारवरची आणि पीएफमधली जन्मतारीख जुळते का बघा. त्या पिढीत गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट 1 जून लिहिलेली असते आणि आधारवर भलतीच तारीख असते. फरक असेल तर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनीनं मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, कंपनीकडून आत्ताच करून घ्या. 58 पूर्ण झाल्यावर धावाधाव केली तर 10-डी अडकून पडतो.