संकेतस्थळाची आधीची आवृत्ती लगेच परत आणता येते का?

प्रश्न : आमच्या गावातील वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. मागच्या महिन्यात एफटीपीने (फायली सर्व्हरवर पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) नव्या फायली अपलोड करताना वीज गेली आणि दोन दिवस मुखपृष्ठ विस्कटलेले राहिले. नव्या होस्टिंग सेवांमधील प्रीव्ह्यू (प्रसिद्धीपूर्वी बदल पाहणे) आणि रोलबॅक (मागच्या आवृत्तीकडे परतणे) या सोयी आमच्या उपयोगाच्या आहेत का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : नक्कीच आहेत. एफटीपीने पाठवलेल्या फायली एकामागून एक थेट चालू संकेतस्थळावर जाऊन बसतात. त्यामुळे मध्येच खंड पडला की काही पाने नवी आणि काही जुनी अशी सरमिसळ वाचकांपुढे येते. नेटलिफाय किंवा वर्सेल यांसारख्या सेवांना तुमची गिट रिपॉझिटरी, म्हणजे फायली आणि त्यांतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा साठा, जोडली, की प्रत्येक बदलानंतर संपूर्ण नवी आवृत्ती बाजूला तयार होते आणि ती पूर्ण झाल्यावरच संकेतस्थळाचा पत्ता तिच्याकडे वळवला जातो. बिल्ड, म्हणजे नवी आवृत्ती तयार करण्याचे काम, फसले तरी वाचकांना आधीचीच आवृत्ती दिसत राहते. रोलबॅक म्हणजे हा पत्ता पुन्हा मागच्या आवृत्तीकडे वळवणे. फायली नव्याने पाठवाव्या लागत नाहीत, म्हणून ते इतक्या लवकर होते.

येथे एक गैरसमज मात्र टाळावा. रोलबॅकने पाने मागे जातात, डेटाबेस जात नाही. सभासदांच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतील आणि नव्या आवृत्तीने त्यातील तक्त्यांची रचना बदलली असेल, तर जुनी पाने परत आणूनही काम अडेल. म्हणून असा बदल करण्यापूर्वी बॅकअप घ्यावाच.

मला स्वतःला प्रीव्ह्यूची सोय रोलबॅकहूनही मोलाची वाटते. गिटमधील वेगळ्या शाखेत, म्हणजे मूळ फायलींना धक्का न लावता, केलेल्या बदलाला स्वतंत्र पत्ता मिळतो, आणि तो दुवा पाठवला की ग्रंथपालांना व कार्यवाहांना कार्यक्रमांच्या तारखा आणि शुद्धलेखन प्रसिद्धीपूर्वी आपापल्या मोबाइलवर तपासता येते. एचटीटीपीएसचे (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्रही या सेवा आपोआप घेतात आणि मुदतीपूर्वी त्याचे नूतनीकरण करतात.

जुन्या अंकांचे स्कॅन ठेवायचे असल्यास आधी जागेचा हिशेब करावा. गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर संकेतस्थळाला 1 जीबीची मर्यादा आहे. शिवाय हेरोकू या होस्टिंग सेवेने आपली मोफत योजना नोव्हेंबर 2022 मध्ये बंद केली, तसे कोणत्याही सेवेबाबत घडू शकते. डोमेन (संकेतस्थळाचे नाव) वाचनालयाच्याच नावावर नोंदवावे आणि सर्व फायलींची एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर ठेवावी, म्हणजे दुसऱ्या सेवेकडे जाणे अवघड होणार नाही.