अहवालाच्या दुसऱ्या पानावरील ती ओळ सोडू नका

आपल्या आईंच्या पेट-सीटी स्कॅनच्या अहवालात 'दोन्ही कॅरोटिड धमन्यांत कॅल्शियमयुक्त प्लाक' (म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या भिंतींवर साचलेला कडक थर) असे लिहिलेले आहे आणि कर्करोग विभागात 'ते राहू द्या' असे सांगितले गेले, हे वाचून आमचाच जुना प्रकार डोळ्यांपुढे उभा राहिला. मी डॉक्टर नाही, परभणी जिल्ह्यातील शिक्षक आहे. तेव्हा हे केवळ अनुभवाचे बोल समजावेत.

वडिलांना गालाचा कर्करोग होता. त्यांच्या मानेच्या सीटीतही थायरॉइडच्या ओळीखाली डाव्या कॅरोटिडमधील प्लाकची नोंद होती, मात्र शेवटच्या निष्कर्षात तिचा उल्लेखही नव्हता. मी ती ओळ पेनने अधोरेखित करून दाखवली, तेव्हा कर्करोग विभागाने मेडिसिनकडे पाठवले आणि मेडिसिनने 'कागद कॅन्सरचे आहेत, तिकडेच विचारा' म्हणून परत धाडले. दोन दिवस हेलपाटे घालून मी फिल्मची पिशवी घरी खुंटीला अडकवली. त्या रुग्णालयावरचा राग अजून गेलेला नाही, तरी पिशवी अडकवणारा हात माझाच होता.

किरणोपचार संपून आठ महिने झाले असतील. सकाळी पेज पिताना त्यांच्या उजव्या हातातून चमचा निसटला आणि बोलणे जड झाले. शस्त्रक्रियेपासून त्यांचे शब्द अस्पष्टच येत, म्हणून आम्ही तो अशक्तपणा समजलो आणि दुपारी रुग्णालयाकडे निघालो. तो पक्षाघात होता आणि मेंदूच्या धमनीतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले.

साध्या पेट-सीटीत कॅल्शियम दिसते, परंतु धमनी किती अरुंद झाली आहे ते त्यावरून ठरत नाही. त्यासाठी मानेचा डॉपलर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लागतो. ती तपासणी फिजिशियनकडून लिहून घ्यावी, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल त्याच भेटीत पाहून घ्यावे. आईंच्या मानेला किरणोपचार द्यायचे असतील तर माझ्या मते हे अधिकच निकडीचे आहे, कारण किरणोपचारांनी या धमन्या पुढे काही वर्षांनी आणखी अरुंद होऊ शकतात. ॲस्पिरिन मात्र कोणाच्या सांगण्यावरून परस्पर सुरू करू नये. केमोत प्लेटलेट घटलेल्या असल्या तर रक्तस्रावाचा धोका असतो.

रात्री-अपरात्री सीटी आणि ते इंजेक्शन जवळ कोठे मिळते, हे आजच फोन करून विचारून ठेवा. आम्ही ते वाटेत, जीप थांबवून, एका औषधाच्या दुकानात विचारले होते.