गाठीचं निदान करायचं आहे, पण नीटमध्ये मार्क कमी पडले तर?

ताई, नमस्कार.

कागलहून लिहिलेलं तुमचं पत्र वाचलं. एचआयव्ही असलेल्या तुमच्या भावाच्या मानेतली गाठ टीबीची समजून महिनोन् महिने गोळ्या चालल्या आणि शेवटी लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. ते पाहून बारावीतली मुलगी म्हणते, 'मी हेच निदान करायला शिकणार.' नीट हुकली तर लॅब टेक्निशियन होणं कमीपणाचं का, असं तुम्ही विचारलंय.

मुळीच नाही. या आजारात निदान बरेचदा मायक्रोस्कोपखाली जाण्याआधीच बिघडतं, आणि ते सांभाळणं टेक्निशियनच्या हातात असतं.

गाठ काढल्यावर लगेच तिचे तीन-चार मिलिमीटरचे काप करून गाठीच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) टाकावे लागतात. अख्खी गाठ छोट्या बाटलीत कोंबली तर फॉर्मलिन आत पोहोचत नाही, मधला भाग सडतो आणि तपासणीसाठी द्यायचा रंग पेशींवर नीट चढत नाही. पेशी एकेक करून ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्री या चाचणीला मात्र जिवंत पेशी लागतात, म्हणून एक तुकडा फॉर्मलिनशिवाय ताजाच पाठवायचा. एकदा सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये गेली की ती चाचणी हातची गेली. बायोप्सीआधी स्टेरॉइड दिलं असेल तर गाठ विरघळून कॅन्सरच्या पेशीच न सापडण्याची भीती असते.

प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत आणखी पेच असतो. बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या लिम्फोमात सीडी२० हा ओळखीचा खुणेचा प्रथिन सहसा दिसतो. प्लाझ्माब्लास्टिक या त्याच्या एका प्रकारात तो बहुधा नसतो. तिथे सीडी१३८ व एमयूएम१ या दुसऱ्या खुणा आणि ईबीव्ही विषाणू शोधणारी ईबर चाचणी लागते. अर्जावर एचआयव्ही किंवा अवयवरोपणाचा उल्लेखच नसेल, तर या चाचण्या करायचं सुचतंच असं नाही. प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा या आणखी एका प्रकारात तर बहुधा गाठच नसते. छातीत पाणी असतं. टीबीच्या तपासण्या करून उरलेलं पाणी ओतून दिलं, तर सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून केलेला ठोकळा) आणि एचएचव्ही-८ या विषाणूची तपासणी कशावर करणार?

आता वाटा. अंतिम रिपोर्टवर सही करायची असेल तर एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, नीट पीजी, मग एमडी पॅथॉलॉजी तीन वर्षं. पुढे हिमॅटोपॅथॉलॉजीत (रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या आजारांच्या निदानात) डीएम आणखी तीन. चंडीगडच्या पीजीआयमध्ये तो अभ्यासक्रम आहे. वाट लांब आहे, घरच्यांनी ते आधीच धरून चालावं. दुसरी वाट मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या पदवीची. नुसत्या रक्त-लघवी तपासणीवर थांबू नये. हिस्टोपॅथॉलॉजी (गाठीचे काप तपासणं) आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचं (सीडी२० सारख्या खुणा रंगवून शोधण्याचं) प्रत्यक्ष काम जिथे शिकवतात, तेच कॉलेज निवडा. तीन-चार मायक्रॉनचा काप न सुरकुतता पाण्यावर तरंगवणं हे वर्षभराच्या सरावाचं काम आहे.

नीट एकदा मनापासून द्यावी, पण त्यापायी तीन-तीन वर्षं घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. परीक्षा संपली की कोल्हापुरात शेंडा पार्कच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी विभागाकडे रीतसर अर्ज करून एक दिवस काम बघायची परवानगी मागा. फॉर्मलिनच्या उग्र वासात आणि तासन् तास एकाच जागी बसून तिचं मन लागतं का, ते तिलाच पाहू दे.