झेपेलिनचं कार्ड मेव्हण्याच्या बॅगेत घालू नका

प्रश्न: माझे आजोबा 1930 च्या सुमारास स्टुटगार्टला इंजिनिअरिंग शिकत होते. त्यांच्या ट्रंकेत 'ग्राफ झेपेलिन' या हवाई जहाजाच्या टपालाची अकरा पोस्टकार्डं आणि त्याच जहाजातली म्हणून सांगितलेली एक कपबशी सापडली. जर्मनीतला चुलतभाऊ म्हणतो, तिकडे लिलावात पैसे चांगले येतील, त्याचा मेव्हणा पुढच्या महिन्यात निघतोय, त्याच्याकडे देऊन टाक. वस्तू मुळात जर्मनीच्याच, मग अडचण कसली? सोबत फोटो पाठवत आहे.
- एक वाचक, पुणे

उत्तर: वस्तू जर्मनीची आहे, हा तुमचा भरवशाचा मुद्दा. पण कायदा तिचं माहेर विचारतच नाही. 1972 चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा फक्त वय आणि महत्त्व बघतो. वस्तू कुठेही घडलेली असो, ती भारतातून बाहेर न्यायची झाली की हा कायदा लागतो, आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी माणसाला बाहेर नेता येत नाही.

या कायद्यात पुरावशेष ठरायला वयाच्या अटी दोन आहेत, आणि तुमची ट्रंक नेमकी त्या दोहोंच्या मध्ये सापडली आहे. साधारण वस्तूला शंभर वर्षं लागतात. पण हस्तलिखित, दफ्तर किंवा कागदपत्र असेल आणि त्याला ऐतिहासिक, वैज्ञानिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोल असेल, तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. 'ग्राफ झेपेलिन' पहिल्यांदा उडालं सप्टेंबर 1928 मध्ये. म्हणजे कपबशी खरी असली तरी तिने अजून शंभरी गाठलेली नाही. कार्डांनी पंचाहत्तरी मात्र केव्हाच ओलांडली.

आता मोलाचं बघू. छापील चित्राच्या आणि मागे फक्त नाव-पत्ता असलेल्या दहा कार्डांची मला फारशी चिंता नाही. या जहाजाने अशी लाखो कार्डं वाहिली, फेऱ्यांचा बराच खर्च संग्राहकांच्या टपालातूनच निघायचा. (भाऊ म्हणतो तेवढे पैसे येतील का, हीही शंका त्यामुळेच.) अकरावं कार्ड वेगळं आहे. त्यावर एप्रिल 1931 च्या इजिप्तफेरीचा शिक्का आहे, पत्ता सदाशिव पेठेचा आणि मजकूर वीस ओळी, अगदी कडेपर्यंत, मोडीत. जहाज कैरोपर्यंतच आलं, पुढचा प्रवास कार्डाने दुसऱ्या टपालाने केला असणार. आपल्या बाजूला हवाई जहाज यायचं राहूनच गेलं. कराचीला निघालेलं ब्रिटिशांचं आर-101 हे 5 ऑक्टोबर 1930 ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून 48 माणसं गेली, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. अशा काळात झेपेलिनमधून पुण्याला आलेलं मोडी पत्र 'ऐतिहासिक मोलाचं नाही' असं कोर्टात म्हणायला मला तरी जीभ रेटणार नाही.

पण हे ठरवणं माझं काम नाही, तुमचंही नाही आणि विमानतळावरच्या कस्टम्स अधिकाऱ्याचंही नाही. वाद उभा राहिला तर कलम 24 प्रमाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी निर्णय देतो, आणि तो अंतिम असतो. म्हणून आधीच विचारून घ्या. अकराही कार्डांचे आणि कपबशीचे दोन्ही बाजूंचे फोटो, मोडीचं देवनागरी लिप्यंतर आणि आजोबांच्या शिक्षणाचे कागद जोडून सर्वेक्षणाकडे 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र मागा. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे, तिथे चौकशी करा.

मेव्हण्याबद्दल स्पष्ट सांगतो. कलम 25 मध्ये 'स्वतः किंवा आपल्या वतीने दुसऱ्याकडून' नेणं आणि नेण्याचा प्रयत्न करणं, दोन्ही येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कस्टम्सची जप्ती वेगळी. बॅग त्यांची असली तरी वस्तू पाठवणारे तुम्ही, त्यामुळे दोघेही अडकाल. शिवाय जर्मनीच्या 2016 च्या सांस्कृतिक वारसा कायद्यापासून तिथले लिलाववालेही माल कुठून, कोणत्या कागदांवर आला हे विचारतात. तिथे काय दाखवणार?

मोडी कार्डाला प्रमाणपत्र मिळालं नाही, तर ते देशातच विका. कायद्यातला परवाना पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला लागतो, घरातली एक वस्तू एकदा विकणाऱ्याला नाही. पावती मात्र घ्या, आणि कराचं तुमच्या सीएला विचारा.

कपबशीखाली बव्हेरियातल्या झेल्ब गावच्या हाइनरिश कारखान्याची मोहर फोटोत दिसते, ही चांगली खूण. तरी झेपेलिनच्या भांड्यांच्या नकला बाजारात आहेत. जाणकाराला दाखवल्याशिवाय 'जहाजातलीच' असं लिहून देऊ नका, नाहीतर उद्या घेणारा फसवणुकीची नोटीस पाठवेल. आणि कार्डं लॅमिनेट करू नका. एका अशिलाने केली होती, त्यानंतर त्या कार्डांना कुणी विचारलं नाही.

अजून एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. आजोबांचं मृत्युपत्र नसेल तर ही ट्रंक एकट्या तुमची नाही आणि चुलतभावाचीही नाही. तुम्ही लिहिता, काका आणि दोन आत्या हयात आहेत. आत्यांचा हिस्सा काकांइतकाच. विक्रीआधी तिघांची लेखी संमती घ्या, वस्तूंची यादी आणि फोटो जोडून.