सूर घशात, स्वर तोंडात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पेटीवर मी एकच सूर धरून आ, ई, ऊ म्हणते. सूर तोच असतो, आवाज माझाच, तरी तीन स्वर स्पष्ट वेगळे कळतात. कानाला नेमकं काय वेगळं मिळतं? (वाचिका, मिरज)

उत्तर : सूर ठरतो घशात आणि स्वर ठरतो तोंडात. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्या की बाकीचं सगळं सोपं होतं.

स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा उघडतात-मिटतात, तितक्या हर्ट्झचा सूर आपल्याला ऐकू येतो. साध्या बोलण्यात पुरुषांचा साधारण 100 ते 125, बायकांचा 200 ते 220. पण स्वरतंतूंपासून एकटी 200 हर्ट्झची लहर निघत नाही. तिच्याबरोबर 400, 600, 800, 1000 अशा तिच्या पटीतल्या लहरीही निघतात, आणि वर जावं तशा त्या क्षीण होत जातात. हा कच्चा माल आ, ई, ऊ तिन्हींसाठी जवळजवळ सारखाच असतो.

फरक करते ती स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी. पुरुषात तिची लांबी 17.5 सेंटिमीटरच्या आसपास असते. तळाशी बंद आणि ओठांशी उघडी, म्हणजे एका टोकाला बूच लावलेली नळीच. अशा नळीत लांबीच्या चौपट तरंगलांबी असलेली लहर सर्वांत आधी घुमते. आतल्या गरम, दमट हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 350 मीटर धरला, तर 350 भागिले 0.70, म्हणजे 500 हर्ट्झ. नळीत त्याच्या तिप्पट आणि पाचपटही घुमतात : 1500 आणि 2500. जीभ सैल ठेवून म्हटलेला ‘अ’ बऱ्यापैकी याच्या जवळ जातो. या घुमण्याच्या जागांना फॉर्मंट म्हणतात. जीभ हलली की नळी कुठे अरुंद, कुठे रुंद होते आणि फॉर्मंट सरकतात. पुरुषांच्या आवाजातले पहिले दोन फॉर्मंट ढोबळमानाने असे : ‘आ’ला 700 आणि 1100, ‘ई’ला 300 आणि 2300, ‘ऊ’ला 300 आणि 800. तुमचे आकडे थोडे वर असतील, कारण बायकांची नळी आखूड असते.

हे दोन्ही फॉर्मंट उपकरणाशिवाय ऐकता येतात, आणि ते जरूर ऐकावेत. जड वस्तू उचलताना धरतो तसा श्वास घशात रोखून धरा. आवाज न काढता तोंड ‘आ’चं करा आणि गळ्याच्या बाजूला बोटाने हलकी टिचकी मारा. मग तोंड ‘ए’चं करून, मग ‘ई’चं करून तशीच टिचकी मारा. टक्‌ टक्‌ आवाज पायरीपायरीने खाली उतरतो. हा पहिला फॉर्मंट. आता नुसतं कुजबुजत ऊ, ओ, आ, ए, ई म्हणा. स्वरतंतू कंप पावत नाहीत, तरी काहीतरी वर चढत गेल्यासारखं वाटतं. तो दुसरा. टिचकीचा आवाज बद्द येत असेल, तर श्वास नीट रोखलेला नाही. घसा उघडा राहिला की नळीचं बूच निघालं, असं समजा.

प्रश्न : माझी पट्टी काळी चार. तार सप्तकात ‘ई’ लावली की आवाज चिमतो. गुरुजी जबडा सोडायला सांगतात, पण मग ‘ई’ची ‘ए’ होते. काय करावं? (वाचिका, डोंबिवली)

उत्तर : गुरुजींचं बरोबर आहे. काळी चारचा षड्ज 208 हर्ट्झच्या आसपास, तर तार षड्ज 415. ‘ई’चा पहिला फॉर्मंट बायकांच्या आवाजात साधारण 300 ते 400 मध्ये असतो. म्हणजे तुमची सर्वांत खालची लहरच त्याच्या वर निघून गेली, आणि त्या घुमणाऱ्या जागेत उचलून धरायला काही उरलंच नाही. जबडा सोडला की पहिला फॉर्मंट वर येऊन सुराला गाठतो आणि आवाज भरतो. तार पंचमाला, म्हणजे 620 च्या पुढे, निखळ ‘ई’ आणि भरीव आवाज दोन्ही एकदम मिळणार नाहीत. तिथे आवाज राखावा आणि ‘ई’ला थोडं सैल सोडावं. जबडा सोडताना जिभेचा मधला भाग मात्र टाळूकडेच राहू द्या, दुसरा फॉर्मंट तोच सांभाळतो.

प्रश्न : लँडलाइनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत गल्लत का होते? (वाचक, बार्शी)

उत्तर : जुनी टेलिफोन व्यवस्था 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचवते. ‘स’चा सळसळाट मुख्यतः 4000 च्या वर असतो, तो वाटेतच गळतो. ‘श’चा सळसळाट 2500 च्या आसपास सुरू होतो, म्हणून ‘श’ बराच तग धरतो. ‘चाक’मधला दंततालव्य ‘च’ही याच कारणाने पातळ होतो, ‘चहा’तला तेवढा नाही. व्होल्टीई (4जी नेटवर्कवरून होणाऱ्या) कॉलमध्ये पट्टा 7000 पर्यंत जाऊ शकतो, तिथे ही तक्रार कमी होते.

तुम्ही विचारलं नाही, पण यातून निघणारी गोष्ट फार सुंदर आहे. पुरुषाचा 110 हर्ट्झचा सूर 300 च्या खाली म्हणजे तोही कापला जातो. तरी आवाज बायकी होत नाही. कानापर्यंत 330, 440, 550 पोहोचतात, आणि त्यांच्यातल्या 110 च्या अंतरावरून मेंदू हरवलेला सूर उभा करतो.

प्रश्न : भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी ‘प्राट’ हा आवाज मोजण्याचा प्रोग्रॅम वापरतो. एका पुरुषाच्या ‘ऊ’चा दुसरा फॉर्मंट 2300 दाखवतंय. (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तो तिसरा आहे. 300 आणि 800 हे दोन जवळजवळचे फॉर्मंट प्रोग्रॅमने एकच धरले आणि पुढच्याला दुसरा क्रमांक दिला. फॉर्मंट सेटिंग्जमध्ये वरची मर्यादा 5500 असेल, ती बायकांच्या आवाजाला योग्य आहे. पुरुषासाठी 5000 करा, संख्या 5 च ठेवा. लहान मुलांसाठी मर्यादा 8000 पर्यंतही न्यावी लागते. फॉर्मंट दाखवणारे लाल ठिपके स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे आवाजाच्या चित्राच्या, काळ्या पट्ट्यांवर बसतात का, ते प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासा. पट्टे दिसायला विंडो, म्हणजे एका वेळी तपासला जाणारा आवाजाचा तुकडा, 0.005 सेकंदाची हवी. 0.03 केली की फॉर्मंटऐवजी सुराच्या पटीतल्या बारीक रेघा दिसतात. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबणाऱ्या) फाइलमध्ये, सेकंदाला 44,100 नमुन्यांवर करा. माइक तोंडापासून 15-20 सेंटिमीटरवर आणि थोडा बाजूला धरा, नाहीतर ‘प’, ‘फ’ची फुंकर थेट त्यावर आदळते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ध्वनिफीत मोजायला घेऊ नका, ती आधीच दाबून लहान केलेली असते.