सायकलने अक्कलकोट : आधी परतीचा हिशेब

प्रश्न : गेल्या श्रावणात सोलापूरहून सायकलने अक्कलकोटला गेलो. जाताना अडीच तास लागले, येताना चार तास उलटले आणि मांड्या भरून आल्या. रस्ता तोच, सायकल तीच. सायकलमध्ये काही दोष असेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही चाकं आळीपाळीने उचलून हाताने फिरवून पाहा. ब्रेकचं रबर रिमला घासत नसेल आणि चाक मोकळं फिरत असेल, तर सायकलीला बोल लावू नका. तुम्हाला वाऱ्याने अडवलं. अक्कलकोट आपल्या आग्नेयेला, सुमारे ४० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. जाताना तो पाठीशी असतो म्हणून जाणवत नाही, उलट आज पाय छान चाललेत असं वाटतं. परतताना तोच छातीवर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात आणि समोरचा वाराही तेवढाच आहे, तर शांत हवेच्या चौपट विरोध पेलावा लागतो. शिवाय दुपारी वारा सकाळपेक्षा जोर धरतो, आणि नेमके तेव्हाच तुम्ही परतत असता.

म्हणून परतीचा हिशेब आधी मांडावा. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून आणि मंद असतो, म्हणजे थकलेल्या पायांना येताना हातभार. पावसाळ्यातच जायचं असेल तर अक्कलकोटहून परतीला सकाळी अकराच्या आत निघा, समोरच्या वाऱ्यात हलका गिअर ठेवा, कोपर वाकवून अंग खाली घ्या. दोघं असाल तर एकामागे एक चाला आणि दर पाच मिनिटांनी पुढचा मागे या. मात्र चाकाला चाक भिडेल इतकं जवळ जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही सहल नकोच.

प्रश्न : वाटेत पंक्चर झालं, नवी ट्यूब टाकली, तर अर्ध्या तासात तीही बसली. असं का होतं?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : पहिला काटा टायरमध्येच राहिला होता. आपल्या भागात रस्त्याकडेला वेड्या बाभळीचे काटे असतात. टायरमध्ये मोडलेलं त्यांचं टोक बाहेरून दिसत नाही. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा त्याहून वाईट, त्यांनी हवा हळूहळू जाते. नवी ट्यूब टाकण्याआधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, ट्यूब टायरशेजारी धरा आणि भोक टायरवर कुठे येतं ते पाहा. मग टायरच्या आतून फडकं फिरवा. ते अडेल तिथे काटा असतो. उघड्या बोटाने चाचपू नका. काटा चिमट्याने बाहेर काढूनच ट्यूब बसवा.

वॉल्व्हचाही घोळ होतो. साध्या काळ्या सायकलीच्या वॉल्व्हला पेट्रोल पंपावरची नळी बसत नाही, त्यामुळे हातपंप आणि वॉल्व्हच्या रबरी नळीचा तुकडा जवळ हवाच. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह असेल तर पंपावर हवा भरता येते, पण थोडी थोडी भरा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा कमी, कॉम्प्रेसरचा दाब मोठा, क्षणात फुटते. दाब टायरच्या कडेवर लिहिलेला असतो, तोच पाळा. विसाव्यासाठी सायकल बांधावर घेऊ नका, काटे तिथेच लागतात. पाऊस पडून गेल्यावर काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाकच फिरत नाही.

प्रश्न : एका दिवसात गाव नीट पाहून होईल का? सोबत खायला काय घ्यावं?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : होईल, पण गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. त्या दिवशी भाविकांच्या गाड्यांनी रस्ता आणि गाव दोन्ही भरतं. हिवाळ्यात साडेसहाला निघा. वाटेत कुंभारी लागतं, मग वळसंग. वळसंगला पंधरा मिनिटं थांबलात तरी दहाच्या आत पोहोचता. सायकल वटवृक्ष मंदिराच्या गर्दीत नेऊ नका. आधीच जागा पाहून चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतील अशी साखळी लावा आणि पुढचं गाव पायी फिरा. स्वामी समर्थ इथे सुमारे २२ वर्षं राहिले, १८७८ मध्ये समाधिस्थ झाले. वडाखालचं मंदिर आणि समाधी मठ ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, पुष्कळजण पहिलंच पाहून परततात. अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान होतं. राजवाड्यातलं शस्त्रागार पाहायचं तर उघडण्याची वेळ पोहोचल्याबरोबर विचारून ठेवा. गावात मराठीइतकंच कानडी कानावर पडतं. ‘नीरु’ म्हणजे पाणी, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

खायला आपल्याकडचंच सर्वांत चांगलं. शेंगापोळीत गूळ आणि शेंगदाणे दोन्ही असतात, ती खिशातही टिकते. दर तासाला अर्धी खा, भूक लागायची वाट पाहू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मुक्कामी बसून खायला ठेवा. चालत्या सायकलवर चटणीने फक्त तहान वाढते. पाणी तासाला अर्धा लिटर. दुपारसाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. अन्नछत्रात महाप्रसाद घेतलात तर पाऊण तास थांबूनच निघा.

दोनला परतीला लागा. डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो, आणि उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना चालतात. त्यांच्या मागे चिकटून चालू नका, ऊस खाली पडतो. तुमच्या सायकलीचा मागचा लाल दिवा मात्र पाचपासूनच लावा.