कॅसेट संगणकावर उतरवताना लेव्हल किती ठेवावी?

प्रश्न : आईच्या भजनी मंडळाच्या पस्तीसेक कॅसेट आहेत. टेपच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून लॅपटॉपला लावली आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग करतो. टाळ-मृदंग सुरू झाले की आवाज फाटतो. ऑडॅसिटीत लेव्हल कमी केली तर आवाज लहान होतो, पण फाटायचा थांबत नाही.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच दुखणं कळतं. आवाज ऑडॅसिटीत पोहोचण्याआधीच फाटतो आहे. लॅपटॉपचा जॅक बहुधा माइकसाठी असतो. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, हेडफोनचा त्याच्या कितीतरी पट मोठा. आतला अ‍ॅम्प्लिफायर तिथेच लहरींचे शेंडे छाटतो. पुढे स्लायडर खाली ओढला की छाटलेली लहरच लहान होते. रेकॉर्डिंग झूम करून पाहा. मीटर उणे ८ डेसिबल दाखवत असतानाही शेंडे सपाट दिसले, तर कारण हेच. शिवाय हा जॅक बहुतेक वेळा मोनो असतो, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा घेत नाही.

बर्डीच्या बाजारात यूएसबी साउंड कार्ड घ्याल तेव्हा ‘लाइन इन’ (माइकपेक्षा मोठा सिग्नल घेणारा जॅक) आहे का ते विचारूनच घ्या. स्वस्तातल्या कार्डांना अनेकदा फक्त माइक जॅक असतो. तुमच्या टेपला लाल-पांढरे ‘लाइन आउट’ असतील तर वायर तिथूनच काढा. हेडफोनशिवाय इलाज नसेल तर टेपचा व्हॉल्यूम एक तृतीयांशाच्या आसपास ठेवा, बास बूस्ट बंद. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइक बूस्ट शून्य करा आणि ‘एन्हान्समेंट’ बंद करा. ते चालू राहिलं तर दोन भजनांमधल्या शांततेत टेपची खरखर आपोआप फुगते.

आता लेव्हल. कॅसेटची सुरुवात लावून ती ठरवू नका. सगळे टाळ एकदम वाजतात तो गजर शोधा आणि मीटरचं सर्वांत उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील असं बघा. शून्याला एकदाही टेकू देऊ नका. टेपवर रेकॉर्ड करताना काटा थोडा लालमध्ये गेला तरी चालायचं, कारण टेपवर जास्तीचा आवाज एकदम कापला न जाता हळूहळू दबतो. डिजिटलमध्ये शून्याच्या वरचं सरळ कापलं जातं आणि ते परत येत नाही. कमी लेव्हलची भीती बाळगू नका: साध्या कॅसेटची खरखर मूळ आवाजाच्या जेमतेम ५०-५५ डेसिबल खाली असते, तर १६ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगची झेप ९६ डेसिबलची. वर १० डेसिबल मोकळे सोडूनही काही हरवत नाही. एकदा बसवलेली लेव्हल मध्येच हलवू नका. वाढवायचा आवाज नंतर ऑडॅसिटीतल्या ‘नॉर्मलाइझ’ने उणे १ डेसिबलपर्यंत न्या. मूळ फाइल ४४,१०० हर्ट्‌झच्या वेव्ह (WAV) फाइलमध्ये जपा. १६ बिट स्टिरिओत साठ मिनिटांची कॅसेट सुमारे ६३५ एमबी होते.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘घुंऽ’ असा आवाज येतो आणि काही कॅसेट दबक्या वाजतात.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. घुंघुं थांबली तर ती अर्थिंगच्या लूपमधून येणारी ५० हर्ट्‌झची आहे. दबक्या आवाजासाठी कानकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हेड (फीत जिथे घासून वाचली जाते तो भाग) पुसा, आणि हे लेव्हल बसवण्याआधी करा. मळलेलं हेड डाव्या-उजव्यापैकी एका बाजूचा आवाज कमी करतं, मग सगळं मोजमाप चुकतं. पावसाळ्यात ओल लागलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट टेपमध्ये घालूच नका. हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटवर जाते.